घोंगडीचा इंग्रज

हसायचं असंल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे मला मधे मधे थांबावं लागणार नाही. मी हे सांगताना अजून रडकुंडीला येतो आणि समोरची माणसं नेमकी तिथंच खिदळतात. आमच्या हिचं तर ठरलेलंच आहे. 'घोंगडी' हा शब्द निघाला की ती उठून आत जाते. का, ते येईलच.

तुळजापुरात एका हायस्कूलला मी एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. मागच्या मे महिन्यात निवृत्त झालो. हे सगळं घडलं ते निवृत्तीच्या आधीच्या चार-पाच महिन्यांत. तुम्ही कुणी निवृत्त झालाय का? नाही? मग तुम्हाला कळायचं नाही. जानेवारीपासनंच सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागले, आजाऱ्याशी बोलावं तसं. "सर, आता पुढं काय?" मी म्हणायचो, "बघू, वाचन करू, फिरू." आणि मनात म्हणायचो, कुठं फिरणार? आठवडी बाजारापर्यंत?

अशात एक फोन आला. सोलापूरच्या पल्लवीताईंचा. या बाई आणि त्यांच्याबरोबरची दहा-पंधरा मंडळी इतिहासाची वेडी. जुने कपडे घालायचे, जुनी भांडी मांडायची आणि लोकांना दाखवायचं की त्या काळी माणसं कशी राहत होती, हा त्यांचा नाद. फोन आला तेव्हा मी गच्चीवर होतो, कारण आमच्या घरात रेंज फक्त गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी येते. तीही वारा असला तर.

"सर, नळदुर्गच्या किल्ल्यात आम्ही आदिलशाहीतला एक दिवस उभा करतोय. बाजार, दरबार, पहारेकरी, सगळं. माणसं झालीत. फक्त एक इंग्रज... माणूस पाहिजे. तुमच्याशिवाय कोण आहे इकडं?"

"इंग्रज माणूस? मी?"

"मग कोण सर! तुम्हालाच शोभतंय."

माझी छाती दोन इंच वर आली. "आणि कपडे?"

"काळाला धरून असले तर उत्तमच. सकाळी बाजार, दुपारी दरबार, संध्याकाळी निरोप. तिन्हीकडं तुम्ही लागणार."

"मध्यमवर्गीय ठेवू का?"

त्या म्हणाल्या, "ठेवा की. तुम्हाला सोयीचं पडंल तसं." आणि रेंज गेली.

आता मला सांगा, यात माझी चूक कुठं होती? मी टाकीशेजारी उभा राहून विचार केला. आदिलशाहीचा तो काळ म्हणजे तिकडं विलायतेत पहिल्या एलिझाबेथ राणीचा काळ. त्या दिवसांत एखाद-दुसरा इंग्रज हिंडत हिंडत विजापूरकडं आला होता, असं कुठंतरी वाचलेलं. विजापूरपर्यंत आला तो नळदुर्गला येणार नाही? बसलं सगळं! आणि असे कार्यक्रम पुढं परंड्याच्या किल्ल्यात होतील, औशाला होतील. दर ठिकाणी इंग्रज लागणारच! मे महिन्यानंतर काय करायचं, या प्रश्नाचं उत्तर मला गच्चीवर मिळालं.

खाली येऊन हिला सांगितलं, "सुनंदा, मी एलिझाबेथच्या काळातला इंग्रज होणार."

"ती म्हातारी मागंच गेली की हो."

"ती न्हवं, तिच्या आधीची. चारशे वर्षांपूर्वीची."

"मग ती तर लईच मागं गेली," ही म्हणाली आणि मेथी निवडायला लागली.

मी मोबाईलवर अभ्यास सुरू केला. तिकडच्या देशांत असे कपडे घालून जत्रेत हिंडणारी हजारो माणसं आहेत, बरं का. ती सांगतात, आधी आपण कोण ते ठरवा. सरदार की सावकार की मजूर? मध्यमवर्गीय असाल तर मखमल विसरा, जरी विसरा. कुणी काय घालायचं याचा कायदाच होता तिकडं. आपल्याला लोकर आणि जाडंभरडं सुती. मग अंगालगतच्या कपड्यापासनं सुरुवात करून एकेक थर वर चढवत यायचं. आणि कपडे थोडेच, पण असे की एकमेकांवर कसेही बसावेत. बाह्या सुट्या, नाडीनं बांधायच्या. बाजारात बाह्यांशिवाय, दरबारात बाह्या लावून, निरोपाला वर झगा. एकाच पेटीत तीन प्रसंग! मी खूश. हिशोबी माणसाला शोभणारी पेटी.

वही घेऊन मी जिलानीभाईंकडं गेलो. जिलानीभाई आमच्याच गल्लीतले शिंपी. शाळेचे गणवेश चाळीस वर्षं त्यांनीच शिवले. गेल्या दोन वर्षांत तयार गणवेशांचे गठ्ठे यायला लागले आणि त्यांची मशीन बहुतेक वेळ झाकलेलीच असायची. माणूस दारात बसून पेपर वाचायचा. तोच पेपर दोनदा.

"भाई, सहा मीटर मांजरपाट लागंल."

त्यांनी चष्मा काढला. चेहरा उतरला. "सर... घरात सगळं ठीक हाय ना?"

"अहो, कफनाला न्हवं, सगळे जिवंत आहेत! सदरा शिवायचाय. गुडघ्यापर्यंत."

मग मी चित्रं दाखवली. त्यांनी मोबाईल डोळ्याला लावून एकेक चित्र बघितलं. बंडी बघितली, बाह्यांच्या नाड्या बघितल्या.

"बाह्यांला नाड्या? सर, हा अंगरखा हाय का परकर?"

"त्या काळी तसंच होतं."

"आन ही विजार? ह्याच्यात काय भरलंय, भोपळे?"

"कापूस भरायचा. आणि ते पुढं जे दिसतंय ना, तो भाग आपण वगळू."

"अल्ला का शुकर," जिलानीभाई म्हणाले.

पण एक सांगतो. त्या दिवशी त्यांनी मशीनवरचं कापड काढलं, तेल घातलं. दुसऱ्या दिवशी मी गेलो तर माणूस पेपर वाचत नव्हता. कागदावर पेन्सिलनं बाह्यांचा आकार काढत बसला होता. "चाळीस वरसं चड्ड्या शिवल्या सर," म्हणाले. "हे काहीतरी येगळं हाय."

अडचण आली लोकरीची. तुळजापुरात चारशे वर्षांपूर्वीची विलायती लोकर कुठनं आणू? दुकानात स्वेटरची लोकर मिळत होती, ती चालेना. मोबाईलवरचे लोक म्हणत होते, जाड, खरखरीत, हातमागावर विणलेली, नैसर्गिक रंगाची. मी घरात डोकं धरून बसलो आणि वर बघितलं. माळ्यावरून एक काळं टोक लोंबत होतं.

हिच्या वडलांची घोंगडी.

सोनारीच्या काळभैरवाच्या यात्रेला गेले असताना माझ्या सासऱ्यांनी तिथं एका धनगराकडनं दोन घोंगड्या घेतल्या होत्या, आमच्या लग्नात द्यायला. सासरे जाऊन बारा वर्षं झाली. घोंगड्या वर्षातनं एकदा उन्हात पडायच्या आणि परत वर जायच्या. कुणी पांघरत नव्हतं. खरं सांगा, मी विचारायला पाहिजे होतं ना? पाहिजेच होतं. पण ही नेमकी तामलवाडीला बहिणीकडं गेली होती, आणि मी म्हटलं, येईपर्यंत अंगरखा तयार होईल, बघून खूश होईल.

खूश! अहो, जिलानीभाईंच्या दारात ती उभी राहिली तेव्हा एका घोंगडीची बंडी झाली होती आणि दुसरीचा झगा. मशीनच्या तीन सुया मोडून भाईंनी शेवटी दाभणानं शिवलं होतं. हिनं एक बाही उचलली. हातावर ठेवून नुसती बघितली. परत खाली ठेवली आणि घरी गेली.

चार दिवस आमच्या घरात कुकरच्या शिट्टीशिवाय कुणी काही बोललं नाही. पाचव्या दिवशी मी म्हटलं, "सुनंदा, चुकलं माझं." ती म्हणाली, "आबांच्या घोंगडीचा इंग्रज केलात तुम्ही."  

आता माघार घ्यायची सोयच राहिली नाही. एवढं नुकसान करून कार्यक्रम तरी गाजायला पाहिजे! पांढरे मोजे खेळाच्या दुकानातनं आणले, वरच्या लाल पट्ट्या आत दुमडल्या. उरलेल्या घोंगडीतनं भाकरीएवढी चपटी टोपी झाली. राहिली गळ्याची झालर. तुम्ही चित्रांत बघितली असंल, मानेभोवती ताटासारखी पसरलेली, चुण्याचुण्यांची. जिलानीभाईंनी मलमलीच्या चुण्या हातानं घातल्या, एक दिवस नाही, आठ दिवस. मग ती ताठ कशी ठेवायची? तांदळाच्या पेजेची खळ केली, झालर बुडवली, एकेका चुणीत स्वेटरच्या सुया घालून गच्चीवर वाळवली. वाळली तेव्हा पापडासारखी वाजायची.

मार्चातला रविवार उजाडला. सकाळी सातला जिलानीभाई घरी आले आणि मला बांधायला लागले. हो, बांधायलाच. सदरा, त्यावर बंडी, त्यावर बाह्या, चौदा गाठी. विजारीला कमरेशी बारा गाठी. एकदा आत गेलेला माणूस दुसऱ्याच्या मदतीशिवाय बाहेर येऊ शकत नाही, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. शेवटी झालर. मला माझे पाय दिसायचे बंद झाले.

"माशाअल्ला," जिलानीभाई दोन पावलं मागं सरून म्हणाले. "आमी बी येतो सर मागनं. हिला आन पोरीला घेऊन. त्यांस्नी बघू द्या."

बसस्टँडवर कुणी हसलं नाही, हे मी अभिमानानं सांगितलं असतं. पण तुळजापूरच्या स्टँडवर कुणी कशालाच हसत नाही. तिथं कवड्यांच्या माळा घातलेले येतात, मळवट भरलेले येतात, अंगावर आसूड ओढणारे येतात. माझ्याकडं बघून एका म्हातारीनं हात जोडले.

"महाराज, कुठल्या देवाचं म्हणायचं?"

"विलायतेचं, आजी."

"लई लांबनं आलासा," असं म्हणून ती वाकली, मला नमस्कार केला आणि हातात अर्धी नारळाची वाटी ठेवली. मला वाकता येत नव्हतं, म्हणून तिला उठवताही येईना. मी नारळ धरून देवासारखा उभा राहिलो. बसमध्ये कंडक्टरनं झालर बघून शेजारची सीट रिकामी करून दिली. तेवढा एक फायदा.

नळदुर्गला किल्ल्याच्या दारात पोचलो तेव्हा दहा वाजले होते. आत बाजार मांडलेला. अत्तरवाला, कुंभार, शेळ्या घेऊन बसलेला एक जण, भाले घेतलेले पहारेकरी. सगळ्यांच्या अंगावर पातळ, पांढरे, मोकळे कपडे. मी घोंगडीत. पाठीवरनं घामाचा ओहोळ सुरू झाला होता.

पल्लवीताई लगबगीनं आल्या आणि जागच्या जागी थांबल्या.

"सर?... हे काय?"

मी टोपी काढून, शिकलो होतो तसा एक पाय मागं घेऊन मुजरा केला. "एलिझाबेथच्या काळातला मध्यमवर्गीय इंग्रज व्यापारी."

त्यांनी मला बाजूला घेतलं. मग अगदी हळू म्हणाल्या, "सर, आम्हाला इंग्रज न्हवता पाहिजे. इंग्रजीचा माणूस पाहिजे होता. माईकवर. दोन पाहुणे आलेत इंग्लंडचे, त्यांना कार्यक्रम समजावून सांगायला. तुमच्यासाठी आम्ही अंगरखा शिवून ठेवलाय."

इंग्रजीचा माणूस! मधलं 'ईचा' टाकीशेजारच्या वाऱ्यानं नेलं होतं. अडीच महिने, चार दिवसांचा अबोला, सासऱ्यांच्या दोन घोंगड्या, सगळं त्या दोन अक्षरांच्या खड्ड्यात.

त्यांनी अंगरखा दाखवला. काय सांगू, मलमलचा! पांढरा, वाऱ्यानं हलत होता. मला वाटलं तो मलाच हात करतोय. माझ्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. मी म्हटलं, "द्या इकडं, बदलतो. कुणाला तरी गाठी सोडायला सांगा."

आणि तेवढ्यात मागनं आवाज आला.

"ते बघ! ते आपलं काम!"

जिलानीभाई. नवी टोपी, इस्त्रीचा पायजमा. शेजारी त्यांच्या बेगम आणि लेक. भाई लेकीला बोट करून दाखवत होते. "त्या चुण्या बघ. एक बी मशीनची न्हाय. बाह्यांची काजं बघ." आणि लेक मोबाईल काढून माझा फोटो घेत होती. अत्तरवाला, कुंभार, सगळे उठून जवळ आले होते. "कुणी शिवलं हो?" विचारत होते. आणि जिलानीभाई, ज्यांच्याकडं दोन वर्षांत कुणी कापड घेऊन आलं नव्हतं, ते छातीवर हात ठेवून सांगत होते, "आपणच."

मी पल्लवीताईंना म्हटलं, "राहू द्या अंगरखा."

"सर, ऊन बघताय ना?"

"बघतोय. माईक द्या."

मग जे झालं ते झालं. बारा वाजता घाम गळ्यापर्यंत पोचला आणि खळ सुटायला लागली. पेज हो ती, परत पेजच झाली. झालर एका बाजूनं मऊ पडली, मग दुसऱ्या बाजूनं, मग वर येऊन तोंडावर चिकटली. मी बुरूज आणि तटबंदी समजावत होतो आणि वाक्यागणिक ओली मलमल तोंडात जात होती. माश्या आल्या. त्या शेळीवाल्याची एक शेळी दोरी ताणून माझ्यापर्यंत आली आणि पाठीमागनं माझी झालर चाटायला लागली. अहो, तांदळाची पेज! तिची काय चूक? मी तिला ढकलू शकत नव्हतो, कारण बाह्यांमुळं हात मागं जात नव्हते. आणि इंग्रजीत "ही शेळी हाकला" असं माईकवर म्हणालो तर ते पाहुण्यांशिवाय कुणालाच कळलं नाही.

ते पाहुणे भले होते. नवरा-बायको, साठीचे. कार्यक्रम संपल्यावर बाई जवळ आल्या. घोंगडीच्या बंडीवर हात फिरवला, नाड्या निरखल्या आणि मोठ्या आदरानं मला इंग्रजीत विचारलं, "फार सुंदर आहे. हा तुमच्या भागातला पारंपरिक पोशाख का?"

मी आभाळाकडं बघितलं. म्हटलं, हो बाई. आमच्याकडं सगळे असेच हिंडतात.

जिलानीभाई धावत आले. "काय म्हनल्या मॅडम?"

मी एकतीस वर्षं पोरांना सांगत आलो की भाषांतर मुळाबरहुकूम करावं. त्या दिवशी म्हणालो, "म्हणतात, असं शिवणकाम आता आमच्या देशात पण होत नाही."

 भाईंनी माझी एक सुटलेली नाडी परत बांधली, नीट, दुहेरी गाठीची.

घरी आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. घामानं सगळ्या गाठी आवळून बसलेल्या. हिनं दार उघडलं, मला वरपासनं खालपर्यंत बघितलं. सुईच्या टोकानं एकेक गाठ सोडवायला बसली. दहाव्या गाठीला मी सगळं सांगितलं. इंग्रज आणि इंग्रजी, शेळी, मॅडम. तिच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. मला वाटलं रडते. बघतो तर पदर तोंडात कोंबून हसत होती. इतक्या दिवसांनी! मी म्हटलं, चला, एवढ्यावर भागलं.

भागलं कुठलं! दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. मी, ओली झालर, मागं शेळी. खाली छापलेलं: 'नळदुर्ग किल्ल्यात आलेले इंग्लंडचे ज्येष्ठ पाहुणे. त्यांनी ग्रामस्थांशी अस्खलित मराठीत गप्पा मारल्या. इंग्रजी मात्र त्यांना बेताचंच येत असल्याचं जाणवलं.'

शाळेत गेलो तर मुख्याध्यापकांनी ते कात्रण माझ्या वर्गातल्या फळ्याच्या मधोमध चिकटवलेलं. वर मोठ्या इंग्रजी अक्षरांत 'काँग्रॅच्युलेशन्स' लिहिलेलं. सगळा वर्ग बघत होता. बघतो तर त्यात एक स्पेलिंगची चूक! म्हटलं, चला, आता दाखवतोच ह्यांना कुणाला इंग्रजी बेताचं येतं ते. तोऱ्यात पुढं झालो, चुकीचं अक्षर पुसलं, खडू उचलला.

आणि तिथं बरोबर काय येतं, ते मलाही आठवेना.